साधनेची गोडी आणि देहाचे रसायन

पुण्याच्या चांदणी चौकातून पौडच्या रस्त्याला लागले की भूगाव, भुकूम, पिरंगुट ही गजबजलेली गावे एकामागून एक मागे पडतात आणि पौड ओलांडल्यावर मुळशी तालुक्याचे मूळ रूप डोळ्यांपुढे येते. पावसाळ्यात आंबेमोहोर भाताची खाचरे पाण्याने भरलेली असतात, डोंगरमाथ्यावर ढग टेकलेले असतात आणि जलाशयावरून येणारा वारा शहराचा शीण उतरवतो. कोळवणच्या खोऱ्यात चिन्मय मिशनचे ‘चिन्मय विभूती’ हे केंद्र आहे. तालुक्यात विश्रांतीची व आरोग्यसाधनेची इतरही स्थाने आहेत. ध्यानशिबिरासाठी अशा परिसराची निवड व्हावी यात नवल नाही. शुक्रवारी सायंकाळी दुकान मुलावर किंवा मुनिमावर सोपवून येणारी व्यापारी कुटुंबे रविवारी परतताना मनाशी एक निश्चय करून परततात : उद्यापासून रोज पहाटे बसायचे.

सोमवारी दुकानाचे शटर वर जाते. मालाची गाडी अडलेली असते, उधारीची वसुली राहिलेली असते, महिन्याच्या वीस तारखेला जीएसटीचे विवरणपत्र भरायचे असते. पहिले चार दिवस आसन अंथरले जाते. पाचव्या दिवशी उशीर होतो, सहाव्या दिवशी ‘उद्या दोन वेळा बसू’ असे ठरते आणि पंधरवड्याच्या आत आसन कपाटात जाते. त्या जागी एक बोच मात्र उरते : आपल्यात निष्ठाच नाही, हे आपल्या नशिबी नाही. पुढच्या वेळी शिबिराचे नाव निघाले की तीच बोच आधी जागी होते.

हे एका माणसापुरते असते तर त्याचा एवढा विचार करण्याचे कारण नव्हते. परंतु वडिलांनी सोडलेले आसन मुलगा सहसा उचलत नाही. आजीच्या सामायिकाची रेतीची घडी कपाटात शोभेची वस्तू होऊन बसते आणि एका पिढीत घरातली साधना संपते. म्हणूनच, ध्यान लागते कसे याच्या आधी ध्यान टिकते कसे, हा प्रश्न प्रत्येक श्रावक कुटुंबाने विचारण्यासारखा आहे.

विकत न मिळणारी वस्तू

पुणिया श्रावकाची कथा जैन घरांत लहानपणीच ऐकायला मिळते. नरकगती टाळण्याचा उपाय म्हणून राजा श्रेणिक पुणियाकडे त्याच्या एका सामायिकाचे फळ विकत मागायला गेला. आणि त्याचे मोल देण्यास मगधाचे सारे राज्यही अपुरे आहे, हे त्याला भगवान महावीरांकडून कळले. व्यापारी समाजाला ही कथा विशेष प्रिय आहे, कारण तिच्यात भाव ठरतच नाही असा एकच सौदा आहे.

या कथेतील दोन तपशील मात्र बहुधा मागे राहतात. पुणिया हा कापसाच्या पुण्या विकून कसेबसे पोट भरणारा माणूस होता. तरीही एके दिवशी त्याने आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या पत्नीने उपवास करावा आणि वाचलेल्या अन्नात रोज एका साधर्मिकाला जेवू घालावे, असा त्या दांपत्याचा नेम होता. दुसरा तपशील असा, की एकदा सामायिकात त्याचे मन लागेना, तेव्हा त्याने स्वतःला दोष देत न बसता कारण शोधले आणि शेजाऱ्याची एक क्षुल्लक वस्तू न विचारता घरात आल्याचे आढळले. म्हणजे पुणियाच्या सामायिकामागे दिवसभराचा एक प्रसन्न व्यवहार उभा होता; आणि साधना बिघडली तेव्हा त्याची दृष्टी शोधकाची होती. ध्यानाची सवय का जडते आणि का तुटते, याविषयी आजचे शरीरशास्त्र व मानसशास्त्र जे सांगते, ते या दोन तपशिलांच्या फार जवळ जाणारे आहे.

साधनेकडे शास्त्राच्या नजरेने पाहणे या परिसराला नवे नाही. मुळशीलगतच्या मावळ तालुक्यात, लोणावळ्याला, स्वामी कुवलयानंद यांनी 1924 साली ‘कैवल्यधाम’ स्थापन केले आणि योगक्रियांचे शरीरावर होणारे परिणाम उपकरणांनी मोजण्यास आरंभ केला. त्याच वर्षी सुरू झालेले ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक त्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध करीत असे. जैन परंपरेतही आचार्य महाप्रज्ञ यांनी 1975 च्या सुमारास ‘प्रेक्षाध्यान’ या नावाने साधनेची जी पद्धती रूढ केली, तिच्यात चैतन्यकेंद्रांची सांगड अंतःस्रावी ग्रंथींशी घातलेली आहे : दर्शनकेंद्राची पीयूषिका ग्रंथीशी, विशुद्धिकेंद्राची कंठातील अवटू ग्रंथीशी, तैजसकेंद्राची अधिवृक्क ग्रंथींशी. ही सांगड साधकाच्या अनुभवाची आहे. प्रयोगशाळेतील मोजमाप ही वेगळी गोष्ट आहे. पण भाव आणि ग्रंथींचे स्राव यांचे नाते घनिष्ठ आहे, ही मूळ जाण दोन्हीकडे सारखीच आहे.

पहाटेचे संप्रेरक

मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक स्रवतात. ताणाचे संप्रेरक म्हणून त्याची ख्याती वाईट आहे. वस्तुतः ते दिवसाचे चक्र चालविणारे संप्रेरक आहे. मध्यरात्रीच्या सुमारास त्याचे प्रमाण सर्वांत कमी असते, पहाटेकडे ते वाढत जाते आणि जाग आल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात शिखर गाठते. त्यानंतर दिवसभर ते उतरत जाते.

फ्रान्समधील नीस येथील संशोधकांनी 2017 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात या चक्राचा सवयीशी असलेला संबंध तपासला गेला. 48 विद्यार्थ्यांना स्नायू ताणण्याचा एक साधा व्यायाम 90 दिवस रोज करण्यास सांगितले. काहींनी तो सकाळी उठल्यावर करायचा होता, काहींनी रात्री झोपण्यापूर्वी. व्यायाम तोच आणि कालावधीही तोच. पण सवय अंगवळणी पडण्याचा वेग पाहता, सकाळच्या गटाला सुमारे 106 दिवस, तर रात्रीच्या गटाला सुमारे 154 दिवस लागतील असे गणित निघाले. कृतीच्या वेळी शरीरात असलेल्या कॉर्टिसॉलच्या प्रमाणाचा या वेगाशी संबंध दिसून आला.

हा अभ्यास लहान होता आणि व्यायामाचा होता, ध्यानाचा नव्हे. त्यावरून मोठे सिद्धांत बांधू नयेत. तथापि पहाटेच्या आराधनेचा आग्रह धरणाऱ्या परंपरेला तो अनुकूल साक्ष देतो. पहाटे दुकान बंद असते, फोन शांत असतो आणि शरीर नवी घडी उमटवून घेण्यास सिद्ध असते. त्यासाठी आदली रात्र मात्र सांभाळावी लागते. अंधार पडला की मेंदूतील पिनियल ग्रंथी झोपेला साह्य करणारे मेलाटोनिन स्रवू लागते आणि डोळ्यांवर पडणारा प्रखर उजेड त्या स्रावाला अटकाव करतो. रात्री बारापर्यंत मोबाइलवर भाव पाहणाऱ्याने पहाटे पाचला आसनावर प्रसन्न बसण्याची अपेक्षा धरणे, हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

सवय जडविणे आवश्यक का आहे, याचे उत्तरही कॉर्टिसॉलच्या कथेतच मिळते. जर्मनीतील लार्स श्वाबे आणि ऑलिव्हर वोल्फ यांनी 2009 साली दाखवून दिले, की ताणाखाली असलेला माणूस विचारपूर्वक निवड करण्याऐवजी अंगवळणी पडलेल्या वाटेने जातो. चेक परत आला, माल नाकारला गेला, भागीदाराशी बोलाचाली झाली, अशा दिवशी निश्चय साथ देत नाही; त्या दिवशी जी सवय मुरलेली असेल ती पुढे येते. ती चिडण्याची असेल तर माणूस चिडतो आणि शांत बसण्याची असेल तर तो शांत बसतो. समभावाची सर्वाधिक गरज ज्या दिवशी असते, त्या दिवशी तो कामी यावा म्हणून तो आधी, साध्या दिवसांत, जमेस धरून ठेवावा लागतो.

गोडीचे गणित

मेंदूत डोपामिन नावाचे एक द्रव्य चेतापेशींमध्ये संदेश पोहोचविण्याचे काम करते. त्याला सरसकट ‘आनंदाचे रसायन’ म्हटले जाते, परंतु त्याचे कार्य अधिक सूक्ष्म आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर केलेल्या निरीक्षणांतून ते उलगडले. प्राण्यांवरील असे प्रयोग जैन मनाला रुचणारे नाहीत. हाती आलेला निष्कर्ष मात्र विचारात घेण्याजोगा आहे. अनपेक्षित रसाचा थेंब मिळाला की डोपामिनच्या पेशी उसळत. पुढे रसाआधी दिव्याची खूण होऊ लागली, तेव्हा त्या पेशी रसाऐवजी खुणेलाच प्रतिसाद देऊ लागल्या. आणि खूण होऊनही रस मिळाला नाही, तर त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही खाली जाई. म्हणजे मेंदू मिळालेल्या सुखापेक्षा अपेक्षा आणि प्राप्ती यांतील फरकाचा हिशेब ठेवतो. अपेक्षेहून अधिक मिळाले तर ती कृती पुन्हा करावीशी वाटते. कमी पडले तर तिच्यावरून मन उडते.

मुळशीहून परतणाऱ्या साधकाचे काय होते, ते या हिशेबावरून समजू शकते. शिबिरात तलावाची शांतता होती, आयते भोजन होते, सोबतीला पन्नास साधक होते. मन स्थिर झाले आणि ती स्थिरता अपेक्षेच्या खात्यात लिहिली गेली. घरी पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरातला कुकर वाजला, गुडघा दुखला, मन बाजारात गेले. बैठक वाईट झाली होती असे नव्हे. ती शिबिरातल्या बैठकीहून उणी ठरली, एवढेच. रोजमेळात रोज तूट दिसू लागली की व्यापारी तो धंदा आटोपता घेतो. मनही तेच करते.

शिवाय गप्प बसणे हे आरंभी सुखद असतेच असे नाही. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठात टिमोथी विल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना 15 मिनिटे एका खोलीत केवळ स्वतःच्या विचारांसोबत बसविले. हवे असल्यास एक बटण दाबून स्वतःला विजेचा सौम्य झटका देण्याची मुभा होती. तो झटका आपण पैसे देऊनही टाळू, असे हीच माणसे आधी म्हणाली होती. तरीही 18 पुरुषांपैकी 12 जणांनी आणि 24 स्त्रियांपैकी 6 जणींनी बटण दाबले. नुसत्या बसण्याची एवढी अस्वस्थता माणसात असते. पहिल्या आठवड्यात जीव रमला नाही म्हणून स्वतःला अपात्र ठरविणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

मैत्री आणि प्रमोद

मग काही जणांची साधना टिकते ती कशाच्या बळावर? या प्रश्नाचे एक उत्तर बार्बरा फ्रेडरिकसन यांच्या संशोधनातून मिळते. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी एका अमेरिकी संगणक कंपनीतील नोकरदारांना सात आठवडे मैत्रीभावनेचे ध्यान शिकविले : प्रथम स्वतःसाठी, मग आप्तांसाठी, मग परिचितांसाठी आणि शेवटी सर्व जीवांसाठी मंगल चिंतणे. प्रसन्न भाव एकदम उफाळले नाहीत. आठवड्यागणिक ते हळूहळू वाढत गेले. 15 महिन्यांनंतर पुन्हा चौकशी केली तेव्हा अनेकांचे ध्यान चालू होते, अनेकांनी ते सोडले होते. ज्यांचे चालू होते, त्यांच्या मनात शिकण्याच्या काळातच प्रसन्न भाव अधिक वेगाने उमलले होते. आरंभी लाभलेली गोडी आणि पुढे टिकलेली साधना यांचे नाते येथे स्पष्ट दिसते.

मैत्रीच्या भावाला देहाचीही साथ असते. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक तयार होते आणि पीयूषिका ग्रंथीतून ते रक्तात येते. आईचे दूध उतरणे, अपत्याविषयीचा जिव्हाळा, माणसामाणसांतील विश्वास यांच्याशी ते निगडित आहे. पॅटी व्हॅन कॅपेलन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मध्यम वयाच्या पुरुषांना हे संप्रेरक नाकावाटे दिले, तेव्हा ध्यानातील त्यांचे प्रसन्न भाव वाढले आणि आध्यात्मिकतेची जाणीव आठवडाभरानंतरही वाढलेली आढळली. याचा अर्थ फवारा विकत आणावा असा मुळीच नाही. श्रेणिक राजाची चूक तीच होती. अर्थ एवढाच, की ध्यानाची गोडी आणि आपुलकीचा भाव यांची मुळे देहात एकमेकांजवळ आहेत.

जैन वाचकाला येथे तत्त्वार्थसूत्र आठवेल. सातव्या अध्यायात उमास्वातींनी व्रतीसाठी चार भावना सांगितल्या आहेत : सर्व जीवांविषयी मैत्री, गुणवंतांविषयी प्रमोद, दुःखितांविषयी कारुण्य आणि अविनीतांविषयी माध्यस्थ्य. यांतील प्रमोद म्हणजे दुसऱ्याच्या गुणाने होणारा आनंद. बाजारात ज्याची पेढी आपल्यापेक्षा मोठी झाली, त्याच्या प्रामाणिकपणाचे मनापासून कौतुक वाटणे हा प्रमोद. तो सोपा नाही. पण ज्याला तो साधला त्याच्या मनातून मत्सराचा सल निघतो आणि आसनावर बसताना मन मोकळे असते. पुणियाच्या घरी रोज जेवणाऱ्या साधर्मिकाने त्याच्या सामायिकात काय भर घातली असेल, याचा अंदाज यावरून बांधता येतो.

दोन जुने शब्द

त्याच अध्यायात सामायिक व्रताचे पाच अतिचार मोजले आहेत. मन, वचन आणि काया यांचे दुष्प्रणिधान हे पहिले तीन. उरलेले दोन आहेत अनादर आणि स्मृत्यनुपस्थान. अनादर म्हणजे उत्साहावाचून, उरकून टाकल्यासारखे करणे. स्मृत्यनुपस्थान म्हणजे केव्हा व काय करायचे याची आठवणच न राहणे.

सवयीचे आजचे शास्त्र घुटमळते ते याच दोन शब्दांपाशी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली यांच्या 2010 च्या अभ्यासात 96 जणांनी एखादी नवी कृती एका ठरलेल्या खुणेला, जसे न्याहारीनंतर, जोडून रोज केली. ती आपोआप होऊ लागण्यास कुणाला 18 दिवस लागले, कुणाचे गणित 254 दिवसांपर्यंत गेले. मध्यभागी आकडा आला 66 दिवसांचा. एखादा दिवस चुकल्याने सवयीच्या जडणघडणीत फारसा फरक पडला नाही, हाही त्या अभ्यासाचा मोलाचा निष्कर्ष. खूण नसेल तर स्मृती राहत नाही आणि गोडी नसेल तर आदर राहत नाही. साधना तुटते ती बहुधा या दोन फटींतून. आश्चर्य असे, की आचार्यांनी या फटींना नावे देऊन ठेवली असताना साधक मात्र तिसरेच नाव घेतो : ‘माझ्यात इच्छाशक्ती नाही.’

येथे एक शंका रास्त आहे. सामायिक हे समभावाचे व्रत; त्यात सुखाची गोडी शोधणे हा रागच नव्हे का? शंका महत्त्वाची आहे आणि तिचे उत्तर शास्त्रातील शल्यविचारात आहे. माया, मिथ्यात्व आणि निदान ही तीन शल्ये मानली आहेत. निदान म्हणजे साधनेच्या मोबदल्यात फळाची इच्छा धरणे. ‘आज तसाच प्रकाश दिसला पाहिजे, तशीच शांती लाभली पाहिजे’ ही मागणी निदानाच्या जवळ जाते. आणि डोपामिनच्या हिशेबाप्रमाणेही अशीच मागणी निराशा पदरात टाकते. मैत्री आणि प्रमोद यांचे तसे नाही. त्यांच्यात दृष्टी दुसऱ्याकडे वळलेली असते, स्वतःसाठी काही मागणे नसते, म्हणून तूटही येत नाही. त्या प्रसन्नतेला शास्त्राने अतिचार म्हटले नाही; अनादराला म्हटले आहे.

घरातील आसन

हे सारे व्यापारी घराच्या दिनक्रमात कसे उतरावे? पहिली गोष्ट खुणेची. साधना घड्याळाला बांधण्यापेक्षा रोज हमखास घडणाऱ्या कृतीला बांधावी : स्नान झाले की आसन, किंवा नवकार म्हणून झाला की आसन, आणि मोबाइल हाती घेण्याच्या आधी. आसन आदल्या रात्रीच एका ठरलेल्या कोपऱ्यात अंथरून ठेवावे. दुकानात सकाळची भवानी झाल्यावाचून उधार देत नाहीत, तसा आसनावाचून फोन नाही, असा घरचा रिवाज पडावा.

दुसरी गोष्ट मापाची. सामायिक दोन घटिकांचे, म्हणजे 48 मिनिटांचे. त्याची मर्यादा कमी करता येत नाही. परंतु ज्याला तेवढे जमत नाही त्याने काहीच करू नये असेही नाही. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात उत्तम संहनन असलेल्याचेही एकाग्र ध्यान अंतर्मुहूर्तापर्यंतच, म्हणजे 48 मिनिटांच्या आतच, सांगितले आहे. नवशिक्याने पाच मिनिटांच्या कायोत्सर्गाने किंवा नवकाराच्या जपाने आरंभ करावा, त्याला सामायिक म्हणू नये आणि ते पाच मिनिटे चुकवू नयेत. ती रुजली की पुढे पूर्ण सामायिकाची ओढ आपोआप लागते.

तिसरी गोष्ट गोडीची. बसताच मनाला एकाग्रतेच्या लगामाने खेचण्याऐवजी आरंभी दोन मिनिटे प्रमोदाला द्यावीत. काल भेटलेल्या एखाद्या माणसाचा एक गुण आठवावा : वेळेवर पैसे देणारा गिऱ्हाईक, पावसात माल पोहोचविणारा चालक, न सांगता पाण्याचा पेला पुढे करणारी सून. शेवटी उठण्याची घाई न करता अर्धे मिनिट तसेच बसावे आणि ‘आज बसणे झाले’ याचे समाधान मनात उतरू द्यावे. कृतीच्या लगतच उमटलेली प्रसन्नताच मेंदू त्या कृतीच्या नावे जमा करतो. सायंकाळी केलेली प्रशंसा तेवढी उपयोगी पडत नाही.

चौथी गोष्ट खंडाची. दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट बसण्याचा दंड स्वतःला लावू नये; नेहमीइतकेच बसावे. पुणियासारखे कारण मात्र शोधावे : झोप अपुरी झाली, की उधारीच्या भांडणाचे शब्द मनात राहिले, की कुणाचे देणे राहिले? कारण सापडले तर दुरुस्त करावे आणि पुढे चालावे.

पाचवी आणि सर्वांत नाजूक गोष्ट मुलांची. ‘सामायिक केल्याशिवाय नाश्ता नाही’ असे दरडावून बसविलेले मूल 48 मिनिटे बसते खरे, पण त्याचा मेंदू आसनाची खूण धाकाशी जोडून ठेवतो. पुढे तेच मूल शिकण्यासाठी पुण्या-मुंबईला गेले, की पहिली गोष्ट आसनाची सुटते. त्याउलट आजीच्या शेजारी पाच मिनिटे बसून रेतीची घडी उलटविण्याचा मान ज्याला मिळाला, त्याच्या आठवणीत ती रेती आजीच्या मायेसह राहते. अनादर हा अतिचार केवळ साधकाकडून घडतो असे नाही. धाकाने तो पुढच्या पिढीत पेरलाही जातो.

एक सावधगिरीही आवश्यक आहे. ज्याला दीर्घकाळ उदासी, भीती किंवा निद्रानाश यांनी ग्रासले आहे, त्याने ध्यानाला औषधाचा पर्याय समजू नये. वैद्यकीय उपचार घ्यावेत आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने साधना करावी.

धंदा आणि साधना

व्यापाराच्या धकाधकीत हे शक्य नाही, असे पुष्कळांना वाटते. महाराष्ट्रातच याचे ठळक उत्तर आहे. मंडाले येथे 1924 साली जन्मलेले सत्यनारायण गोएंका हे ब्रह्मदेशातील यशस्वी मारवाडी उद्योजक होते. अर्धशिशीच्या असह्य वेदनांनी त्रस्त होऊन 1955 साली ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकायला गेले. हे गुरूही संन्यासी नव्हते. त्या देशाचे महालेखापाल म्हणून आकड्यांच्या राशीत बसणारे गृहस्थ होते. पुढची 14 वर्षे गोएंकांनी त्यांच्या सान्निध्यात साधना केली आणि 1969 साली ते भारतात आले. 1976 पासून इगतपुरीचे धम्मगिरी हे त्यांच्या कार्याचे केंद्र झाले. परंपरा भिन्न असली तरी मुद्दा समान आहे : ओढ लागली की हिशेबाच्या वह्या साधनेच्या आड येत नाहीत.

मुळशीचा शेतकरी भाताचे रोप आधी एका लहानशा वाफ्यात दाट वाढवितो आणि मग ते उपटून खाचरात लावतो. नव्या जागी रोप काही दिवस पिवळे पडते. जाणता शेतकरी ते पाहून घाबरत नाही की रोप उपटून टाकत नाही; खाचरात पाणी राहील एवढे तो पाहतो आणि मुळे धरण्याची वाट बघतो. शिबिर हा तो वाफा आणि घर हे खाचर. सोमवारी साधना पिवळी पडली तर तिला प्रमोदाचे थोडे पाणी द्यावे, खुणेचा बांध नीट करावा आणि मंगळवारी पुन्हा आसनावर बसावे.

जय जिनेंद्र.